शहादेव दोरीशी का खेळला?

१

शहादेव भोयाला तलावातून वर ओढून काढलं, तेव्हा त्याच्या दोन्ही पायांना दोरखंडाची गाठ होती. गाठ चांगली पक्की, भोयाच्याच हातची. खाली पाण्यात तो एकटा होता, म्हणजे ती त्यानंच मारली हे उघड होतं. तो दोरखंड त्याला दिला होता मोरीचं लोखंडी झाकण बांधायला. झाकण राहिलं बाजूला आणि या शहाण्यासुरत्या माणसानं स्वतःचेच पाय बांधून घेतले. डोक्यावरचा पितळी टोप उतरवला तर आत जीव नव्हता.

नेकनूरच्या वरच्या अंगाला तो नवा तलाव. हैदराबादच्या गादीवर नवे हुजूर बसून दोनेक वर्षं झाली होती, आणि सरकारनं मोठ्या हौसेनं तो बांधून घेतला होता. पहिल्याच पावसाळ्यात तो काठोकाठ भरला आणि मोरी, म्हणजे पाणी सोडायची तळातली वाट, अडकून बसली. खालची शिवारं कोरडी आणि वर पाणी तुंबलेलं. म्हणून मुंबईच्या गोदीत पाणबुड्याचं काम केलेला शहादेव आणि त्याचा जोडीदार ख्वाजा यांना बोलावणं गेलं. शहादेव टोप आणि शिशाचे बूट घालून तळाला उतरायचा. वरून दोन गडी हातपंप मारत रबरी नळीतून त्याला हवा पुरवायचे. काठावर ख्वाजा शहादेवच्या कमरेची दोरी धरून बसायचा. खालचा माणूस बोलणार कशानं, तर त्या दोरीच्या हिसक्यांनी.

आता शहादेव मेला आणि ख्वाजा ठाण्यात. काठावर जमलेल्या निम्म्या गावानं पाहिलं होतं की दोरी खालून सारखी ओढली जात होती आणि ख्वाजा ढिम्म बसून होता. त्यातून आदल्या संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं. अमीनसाहेबांना, म्हणजे ठाण्याच्या पोलीस अधिकाऱ्याला, याहून जास्त काय लागतं? उद्या सकाळी ख्वाजाला बेड्या घालून बीडला पाठवायचं आणि तिथून फासाकडे, असा सरळ रस्ता त्यांनी आखून ठेवला होता.

हे सगळं ख्वाजाची बायको सईदा बीडमधल्या उत्तरेश्वरराव वकिलांच्या ओसरीवर उभी राहून सांगत होती. उत्तरेश्वरराव रागीट माणूस. पक्षकारांवर चिडायचे, न्यायाधीशांवर चिडायचे, पानात चुना जास्त झाला तर स्वतःवर चिडायचे. पण रागात त्यांचं डोकं इतरांपेक्षा बरं चालायचं, हेही बीडला ठाऊक होतं.

"लोक काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"काई म्हणतेत शिंदी पिऊन उतरला व्हता. काई म्हणतेत पान्यातल्या साती आसरांनी खाली खेचला. आन बाकीचे म्हणतेत माज्या मानसानं मारला." सईदा रडत नव्हती. तिचा आवाज दगडासारखा होता. "वकीलसाब, त्यानं मारला असंल तर म्या सोता सांगते, द्या फाशी. पर त्यानं मारला न्हाई."

वकिलांनी टांगा जोडायला सांगितला.

२

ठाण्यात ख्वाजा भिंतीला टेकून बसला होता. हातात बेडी, डोळे तांबारलेले. वकिलांना पाहून उठलासुद्धा नाही.

"दोरी ओढत होता तरी वर का घेतलं नाहीस?" वकिलांनी आल्या आल्या तोंड सोडलं.

"कावून घिऊ? चार हिसके म्हंजी वर ओढ. चार त्यानं दिलेच न्हाईत. आदी दोन दिले, म्हंजी दोरी सैल सोड. म्या सोडली. मंग तीन. तीनाला काई अर्थच न्हाई, वकीलसाब. मंग बैलाचा कासरा हलवावा तशी दोरी हलवीत बसला. म्या खालती एक हिसका दिला, की बाबा ठीक हाय का? तर त्यानं एक परत दिला. ठीक हाय. मंग पुन्यांदा तेच चाळे. मला वाटलं, काल भांडलो म्हनून मुद्दाम सतावायलाय."

"सतावायचा का तो कधी? पाण्याखाली?"

 ख्वाजानं मान हलवली. "कंदीच न्हाई. वरती हसंल, खेळंल. पान्यात गेला की नमाजाला उबं ऱ्हायल्यावानी."

"मग भांडण कशाचं?"

ख्वाजानं बाहेरच्या शिपायाकडं पाहिलं आणि तोंडाला कुलूप लावलं. वकिलांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या तुला बीडला नेतील. तुझी बायको पायी चालत आली बीडला, घोटे सुजलेत तिचे. आणि तू इथं मौनव्रत घेऊन बसलास? कोण म्हणालं तुला गप्प बस म्हणून?"

 ख्वाजा हळूच बोलला.

"गुत्तेदार. म्हनला, तोंड उघडू नको, म्या सोडवतो."

तलाव बांधणारा गुत्तेदार म्हणजे राधाकिशन. पहिल्या दिवशी शहादेव खाली गेला तेव्हा त्यानं हातानं मोरीच्या भिंती चाचपल्या. दगडचुन्याच्या भिंती असायला हव्या होत्या. दर्शनी एक थर दगडाचा आणि मागं नुसती माती आणि फुटक्या विटा. तीच माती ढासळून मोरी अडकली होती. पुढच्या पावसाळ्यात बांध फुटला असता तर खालची वस्ती झोपेतच वाहून गेली असती. शहादेव म्हणाला, मी हे मोठ्या इंजिनेराला सांगणार. ख्वाजा म्हणाला, आपल्याला काय करायचंय, काम करू आणि जाऊ. त्यावरून भांडण.

"आणि हे गुत्तेदाराला कळलं?"

"गावभर कळलं आसंल. शहादेवचा आवाज ल्हान व्हता का?"

३

शहादेवची बायको छबुबाई तलावाशेजारच्या पालात बसली होती. कालच सरण विझलं होतं. वकिलांना तिच्याशी काय बोलावं कळेना, म्हणून ते नुसते बसले. शेवटी तीच बोलली.

"सगळे म्हनतेत पिला व्हता. मालकानं उतरायच्या दिशी कंदी थेंब घेतला न्हाई. तोंडाला वास नव्हता. म्या आंगूळ घातली त्याह्यला, मला ठाव न्हाई का?"

"चेहरा कसा होता, बाई? काळानिळा?"

"न्हाई. तेच तर. लालबुंद. जिता आसताना कंदी इतका लाल नव्हता. वाटलं आता उठतेत."

वकील एकदम ताठ बसले. गळा दाबलेली, बुडालेली, कोंडून मेलेली माणसं त्यांनी कोर्टाच्या कामात पुष्कळ पाहिली होती. त्यांची तोंडं निळी पडतात. लाल तोंडाचा मुडदा त्यांनी उभ्या जन्मात एकदाच पाहिला होता.

तेवढ्यात त्यांचं लक्ष छबुबाईच्या उजव्या हाताकडे गेलं. बोटांवर फोड होते.

"हे कशानं?"

"आसराचा कोप," ती म्हणाली. "मालक उतरायच्या आदी पानवठ्यावर सात खडे मांडले. चुन्यानं रंगवायचे आन वर शेंदराचा टिपका. चुना कुटं आनायचा? भट्टीपाशी पांढरी ढेकळं पडलेलती. दोन उचलले, परळात टाकून पानी वतलं, तर रटरटा उकळलं. हात पोळला. तवाच मनात पाल चुकचुकली. म्या त्याह्यला म्हनले, नगा जाऊ आज. ते हसले नुसते."

तिचा आवाज तिथं फाटला. वकील उठले. त्यांना तिचं सांत्वन करता आलं नसतं आणि खोटं करायची सवय नव्हती.

पंप मारणाऱ्या दोन गड्यांपैकी सटवा बाभळीखाली डोकं बांधून पडला होता. गावकऱ्यांनी सांगितलं होतं की पंप मारताना हे दोघं खिदळत होते, गाणी म्हणत होते, दोघंही झिंगलेले. दुसरा तर अजून अंथरुणात होता. सटवा उठून बसला, तेव्हा त्याच्या गळ्यात तुळशीची माळ दिसली.

"माळकरी आहेस?"

"नारायणगडावर माळ घेतलीया. बापानं बी घेतलती." सटवाचे डोळे भरून आले. "वकीलसायब, गळ्याची शपथ, शिंदीला शिवलो न्हाई. पर मला काय झालतं मलाच ठाव न्हाई. लई हसू यायलतं. पंपाचा दांडा मला सापावानी दिसायला. मंग डोकं फुटाया आलं आन वकलो. गडावर कोन्या तोंडानं जाऊ आता? समदे म्हनतेत माळ घालून पितो."

"पंप थांबवला होतात का मधे?"

"न्हाई. दांडा सुटला न्हाई हातातून. त्येवढं पक्कं."

"पंप कुठं होता?"

सटवानं हात केला. पहिल्या दिवशी पंप बांधाच्या माथ्यावर, मोकळ्या वाऱ्यात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गुत्तेदारानं स्वतः उभं राहून तो खाली खोलगटात आणवला. वर मांडव घातला, तिन्ही बाजूंनी तट्ट्या लावल्या. म्हणाला, आश्विनाचं ऊन वाईट, गड्यांना सावली हवी. सगळ्यांना मोठं कौतुक वाटलं, की गुत्तेदाराला गड्यांची दया आली. चौथी बाजू उघडी होती, आणि त्या बाजूला गुत्तेदाराची चुन्याची भट्टी होती.

वकिलांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्यांना सगळं दिसायला लागलं होतं.

४

राधाकिशन गुत्तेदार गोड बोलणारा गृहस्थ. त्यानं वकिलांना चहा दिला, बसायला लोड दिला, शहादेवबद्दल हळहळला.

"दारूनं घात केला बघा. हुशार मानूस व्हता."

"भट्टी पेटवली होती का हो त्या दिवशी?"

"भट्टी?" गुत्तेदार हसला. "होळीपासून थंड हाय. बांधकाम संपलं, आता चुना कशाला लागतोय? वकीलसाहेब, चुना भाजण्यात माझे केस पांढरे झाले. पेटलेली भट्टी मी लपवीन कुठं? धूर दिसला असता गावाला."

"केस पांढरे झाले म्हणता. मग तुम्हांला ठाऊक असेल, भट्टीच्या कडेला थंडीत निजलेली माणसं सकाळी उठत नाहीत."

गुत्तेदाराचा चहाचा पेला तोंडापाशी थांबला. क्षणभरच. मग तो म्हणाला, "असं काई मी ऐकलेलं न्हाई."

वकील उठले. पेल्यातला चहा त्यांनी तसाच ठेवला. या माणसाच्या घरचं पाणीसुद्धा घशाखाली जाणार नव्हतं.

ठाण्यात येऊन त्यांनी अमीनसाहेबांपुढे हात जोडले. अमीन काजम हुसेन वयस्क, आळशी, पण बेइमान नव्हते.

"उद्या सकाळी मुलजिम बीडला जाणार, वकीलसाहेब. कागद तयार आहेत."

"जाऊ द्या. पण त्याआधी एक तास मला द्या. तलावावर. ख्वाजाला बेडीसकट आणा. गुत्तेदारालाही बोलवा."

"कशासाठी?"

"मांजरसुंब्याच्या घाटात एका हिवाळ्यात दोन गाडीवान चुन्याच्या भट्टीच्या खोलगटात निजले होते. एक सकाळी मेलेला, तोंड लालबुंद. दुसरा उठला तो आपल्या बैलाला सुभेदारसाहेब म्हणून मुजरे घालत होता. त्याचा खटला मी चालवला होता. तेव्हा सगळे म्हणाले, प्यालेले होते." वकिलांचा आवाज चढला. "अमीनसाहेब, या मुलखात गरीब माणूस कशानंही मेला तरी तो प्यालेलाच असतो का?"

 अमीनांनी कागद बाजूला सरकवले.

५

सकाळी तलावाच्या काठावर गाव लोटलं होतं. वकील आणि गावातले दोन बेलदार पहाटेपासून खपत होते. बेलदारांनी भट्टी आपल्या पद्धतीनं पेटवली होती, लोणारी कोळसा घालून, आणि ती धगधगीत झाल्यावर वरून ओल्या मातीनं लिंपून टाकली होती. खालची एक खिडकी तेवढी उघडी होती. धूर म्हणाल तर धाग्याएवढा नाही.

"पाहा," वकील अमीनांना म्हणाले, "पेटलेली आहे, पण लांबून कोण म्हणेल?"

मांडव, तट्ट्या, पंप, सगळं त्या दिवशीसारखं मांडलेलं. मांडवात एक खुर्ची आणि खुर्चीवर पितळी टोप ठेवलेला. ख्वाजा शिपायाशेजारी उभा होता. सईदा लांब उभी राहून त्याच्या हातांकडे बघत होती.

"हवा थांबली असती," वकील बोलायला लागले, "तर शहादेवनं काय केलं असतं? जीव खाऊन चार हिसके दिले असते. तोंड निळं पडलं असतं. त्यानं चार दिलेच नाहीत. दोरीशी खेळत बसला आणि विचारलं तर म्हणाला ठीक आहे. स्वतःचे पाय बांधले. म्हणजे त्याचा श्वास नंतर गेला, अक्कल आधी गेली. ख्वाजा, गोदीत असं कधी झालं होतं का?"

"झालतं," ख्वाजा म्हणाला. "येकदा बोटीचा धूर पंपात गेलता. पानबुड्या खाली गानी म्हनत ऱ्हायला. वर घेतला म्हनून वाचला. मोकळ्या समिंदरात लई खोल गेलं, तर चांगली हवा बी चढती मानसाला. खाली हवा दाबून येती, साहेब. वर जितकी लागंल तिच्या दुप्पट खाली लागती. आन ज्याला चढती त्याला कळत न्हाई. त्याला वाटतं आपन लई खुशीत हाव." तो थांबला. "तसा धूर दिसला आसता तर म्या लगेच वडला आसता त्याला."

"तो दिसला नाही, तसं आधीच करून ठेवलं होतं. वासही नाही, धूरही नाही. या खोलगटात कोंडलेल्या भट्टीची विषारी हवा साचली, तीच पंपानं ओढली आणि तळाला पोहोचवली. सटवा माळकरी, थेंब घेत नाही, तरी तो झिंगला, कारण तो वर त्याच हवेत उभा होता. तो वकून सुटला. शहादेव खाली सुटणार कसा?"

"भट्टी थंड व्हती," गुत्तेदार म्हणाला. त्याचा गोडवा अजून शाबूत होता. "होळीपासून."

"मग छबुबाईचा हात कशानं पोळला? अमीनसाहेब, होळीची चुन्याची ढेकळं सगळा पावसाळा उघड्यावर पडली तर त्यांची राख होते. मेलेल्या चुन्यावर घागरभर पाणी ओता, तो हलत नाही. उकळतो तो ताजा. या बाईनं नवऱ्यासाठी पूजा मांडली, म्हणून आज आपल्याला कळलं की भट्टी त्या सकाळी जिती होती. बांधकाम संपलेलं, चुना कोणाला नको, तर भट्टी कोणासाठी पेटवली? आणि सावलीच्या नावाखाली पंप तिच्या तोंडाशी आणला कोणी?"

गर्दीत कुजबुज झाली. गुत्तेदारानं हात झटकले.

"कहान्या हायत सगळ्या. असल्या हवेनं मानूस मरत न्हाई. मी उभा जन्म भट्टीपाशी काढला."

"उत्तम," वकील म्हणाले. त्यांचा आवाज आता अगदी खाली आला होता, आणि त्यांना ओळखणारे जाणत होते की हा त्यांचा खरा राग. "मग बसा त्या खुर्चीत. पाणी नाही, काही नाही, कोरडी जमीन. टोप घाला, दोन गडी पंप मारतील. मी एक पान खाऊन होईपर्यंत बसा, मग सगळ्यांसमोर तुमचे पाय धरतो."

गुत्तेदार हसला. कोणी हसलं नाही. "हा काय पोरखेळ," तो म्हणाला आणि एक पाऊल मागं सरला. मागं बेलदार उभे होते. ते बाजूला झाले नाहीत.

छबुबाई पुढे आली. तिनं खुर्चीवरचा टोप दोन्ही हातांनी उचलला. चांगला जड होता, पण तिनं तो पोटाशी धरला आणि गुत्तेदारासमोर जाऊन उभी राहिली.

"घाल," ती म्हणाली. "माज्या मालकानं घातला व्हता. तुज्या शब्दावर घातला व्हता. तू म्हनला व्हतास, सावली केलीया, निवांत जा. आता तू घाल."

गुत्तेदाराच्या कपाळावर घाम फुटला. तो टोपाच्या काचेकडे पाहत राहिला. भट्टीकडे मात्र त्यानं एकदाही पाहिलं नाही.

"वकीलसाहेब, मला दम्याचा तरास हाय..."

"चहा पिताना नव्हता."

अमीनसाहेब इतका वेळ काठीवर रेलून ऐकत होते. ते आता सरळ उभे राहिले. "गुत्तेदार, माझ्या अख्ख्या नोकरीत मी मुलजिमाला निवड दिली नाही. आज देतो. तुमच्या म्हणण्याप्रमाणे या हवेत काही नाही. तर टोप घाला आणि घरी जा. नाही तर बेडी घाला."

तलावाच्या पाण्यावर वारा सुटला होता, पण त्या खोलगटात पानही हलत नव्हतं. सटवा पंपाच्या दांड्याशी जाऊन उभा राहिला. छबुबाईचे हात टोपाच्या वजनानं कापत होते, तरी तिनं तो खाली ठेवला नाही.

राधाकिशन गुत्तेदारानं आपले दोन्ही हात, मनगटं जोडून, अमीनांपुढे धरले.

काही क्षण कोणालाच काय झालं ते उमगलं नाही. मग सईदाच्या तोंडून एक हुंदका फुटला, इतक्या दिवसांतला पहिला. अमीनांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई गोंधळला.

"साहेब, ठाण्यात बेडी येकच हाय."

"मग?" अमीन म्हणाले. "ती काढ, आणि यांना घाल."

शिपायानं किल्ली काढली आणि तो ख्वाजाकडे वळला.